चोरीला गेलेला तास

आन्सेल्म गातिनोच्या स्वयंपाकघरात दोन वेळा नांदत होत्या आणि त्या दोघींचं आपसात अजिबात पटत नव्हतं. फडताळावरचं घड्याळ त्याच्या बायकोचं, ओनोरीनचं. ते रेडिओचं ऐकायचं. आन्सेल्मच्या खिशातलं घड्याळ फक्त सूर्याचं ऐकायचं. अंगणातल्या विहिरीच्या खांबाची सावली समोरच्या भिंतीतल्या खाचेवर आली, की बारा. ती खाच आन्सेल्मच्या आजोबांनी छिन्नीने पाडली होती, आणि तिच्यापुढे सरकार, स्टेशनमास्तर आणि ओनोरीन या तिघांचीही किंमत त्याच्या लेखी शून्य होती.

"साडेदहा वाजलेत," ओनोरीन म्हणाली. "अकराची बस आहे. आटप."

"साडेआठ," आन्सेल्म म्हणाला आणि कॉफीच्या वाडग्यात त्याने पावाचा तुकडा निवांत बुडवला.

"बसवाला तुझ्या भिंतीकडे बघून गाडी हाकत नाही, म्हाताऱ्या."

"तिथेच तर चुकतंय त्याचं. एक तास चाळीस साली जर्मनांनी नेला. जर्मन गेले, तास काही परत आला नाही. आता ह्या मार्चमध्ये पॅरिसवाल्यांनी घड्याळं पुढे ढकलून दुसरा उचलला. कशासाठी, तर म्हणे तेल वाचवायला! उद्या मीठ वाचवायला तिसरा नेतील, मग तू बस मध्यरात्री दुपारचं जेवण वाढत."

"तू बूट घाल आधी."

एरवी हा वाद कॉफी गार होईपर्यंत चालायचा. आज ओनोरीनने तो वाढवला नाही. आज त्याला शार्त्रला न्यायचंच, असा तिने चंग बांधला होता, आणि का, ते आन्सेल्मलाही ठाऊक होतं. दोघं ते तोंडाने बोलत नव्हते एवढंच.

काचबिंदू. डॉक्टरांनी वसंतात सांगितलं होतं. आन्सेल्मची नजर कडेकडेने विझत आत आली होती, आणि आता उरलं होतं ते गव्हाच्या काडीतून पाहावं एवढंच. काडीच्या टोकाला जे असेल ते स्वच्छ दिसायचं: कोंबडीचा डोळा, ओनोरीनच्या हनुवटीवरचा तीळ. बाकी सगळं करडं. शरदात बीट उपटायच्या दिवसांपर्यंत काडीसुद्धा बुजेल, असं डॉक्टर म्हणाले. आन्सेल्म एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने डॉक्टरांचे आभार मानले, बाहेर आला आणि रस्ताभर हवामानावर बोलत राहिला.

त्या रात्री ओनोरीन म्हणाली होती, "एकदा माझ्याबरोबर कॅथेड्रलमध्ये ये. डोळे आहेत तोवर. एकदाच." आणि आन्सेल्म नाही म्हणाला होता.

त्याचं कारण जुनं होतं. त्याचा थोरला भाऊ इलेर पहिल्या महायुद्धातून छातीत विषारी वायू घेऊन घरी आला आणि एकवीस साली खोकत खोकत गेला. शेवटच्या दिवशी त्याने पाद्र्याला दारातून परत पाठवलं होतं. पाद्र्याने त्याचं उट्टं काढलं. शवपेटी चर्चमध्ये घेतली नाही, घंटासुद्धा वाजवली नाही. वडिलांनी आणि सोळा वर्षांच्या आन्सेल्मने इलेरला ढकलगाडीवरून भर उन्हात थेट कबरस्तानात नेलं. तेव्हा आन्सेल्मने शपथ घेतली, की ह्यांच्या घराची पायरी जन्मात चढणार नाही. लग्नसुद्धा त्याने मेयरच्या कचेरीत उरकलं. सासूबाई आठवडाभर रडल्या. पुढे सेहेचाळीस वर्षं नवरा-बायको दर शनिवारी शार्त्रच्या बाजाराला जात राहिली. अंडी आणि लोणी विकून झालं की ओनोरीन पंधरा मिनिटं कॅथेड्रलमध्ये जाऊन यायची. आन्सेल्म समोरच्या कॅफेत, मुद्दाम त्या दाराकडे पाठ फिरवून, पांढऱ्या वाइनचा पेला घेऊन बसायचा.

नकार ऐकून ओनोरीन रडली नाही की रुसली नाही. तिने वेगळाच डाव टाकला. आठ दिवसांपूर्वी मटार सोलता सोलता ती सहज म्हणाली, "तिथे आत एका काचेला भोक आहे म्हणे. चोवीस जूनला, सें-जाँच्या सणाच्या दिवशी, बरोब्बर बारा वाजता त्यातून ऊन येतं आणि फरशीतल्या एका खिळ्यावर पडतं."

"कोणाचे बारा?"

"मला काय कळतं त्यातलं? सूर्याचे, असं म्हणतात."

आन्सेल्मचा मटार सोलणारा हात थांबला. "खिळा चुकीच्या जागी असणार. पाद्र्यांना सूर्यातलं काय समजतं?"

"मग जाऊन सांग त्यांना तसं."

मासा गळाला लागला. तीन दिवस आन्सेल्म आपल्या खाचेकडे बघत अंगणात घुटमळला आणि चौथ्या दिवशी त्याने जाहीर केलं, की सूर्य काही पाद्र्यांच्या मालकीचा नाही, आणि माणूस सूर्याच्या कामासाठी कुठेही जाऊ शकतो. ओनोरीनने लगेच मस्यू प्रेवोतोंना फोन लावला. हे निवृत्त शाळामास्तर दरवर्षी ती गंमत लोकांना दाखवायचे. ते म्हणाले, "एकला दहा कमी असताना हजर राहा, मादाम, दरवर्षीसारखं." ती वेळ तिने आन्सेल्मला सांगितली नाही. उगीच घड्याळावरून पुन्हा महाभारत नको.

बसमध्ये आन्सेल्म खिडकीशी बसला. शहात्तर सालचा तो उन्हाळा. मे महिन्यापासून आभाळातून थेंब पडला नव्हता आणि बोसच्या सपाटीवर गहू गुडघ्याखालीच पिवळा पडून उभा होता. एवढं मोठं रान आता त्याच्या काडीत मावत नव्हतं. त्याने मान हळूहळू फिरवत क्षितिज चाचपलं आणि त्याला मनोरे सापडले. एक उंच, नक्षीचा, दुसरा साधा. बाकी शहर अजून गव्हाखाली बुडालेलं, आणि हे दोघं मात्र गव्हातूनच उगवल्यासारखे वर.

चाळीस वर्षं त्याने त्या उंच मनोऱ्यावर नजर ठेवून नांगर धरला होता. बोसमध्ये दुसरं आहे काय नजर ठेवायला? घोड्याच्या दोन कानांच्या मधोमध मनोरा आला, की पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, सुतासारखं सरळ जायचं, आणि पहिलं सरळ गेलं की पुढची सगळी तासं त्याच्या मागून येतात. अठरा किलोमीटरवरून त्याने त्या मनोऱ्याचं इतकं ऐकलं होतं, जितकं बायकोचंही कधी ऐकलं नसेल. मनोऱ्याशी त्याचं भांडण नव्हतंच. भांडण होतं ते खालच्या दाराशी.

त्या दाराशी, दक्षिणेच्या पायऱ्यांवर, तो ओनोरीनच्या घड्याळाने सव्वाबाराच्या सुमारास थांबला आणि हलेना. ऊन दगडावरून उसळून तोंडावर येत होतं. ओनोरीनने त्याचा दंड धरलेला होता, पण ओढला नाही.

"सूर्याच्या कामाला आलायस ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग तो आज आत आहे."

"टोपी काढणार नाही मी."

"नको काढूस."

त्याने पाऊल आत टाकलं, आणि सगळं गेलं.

काडी गेली, टोकाचा उजेड गेला, करडंसुद्धा गेलं. आन्सेल्मने डोळे मिटले आणि उघडले. मिटलेल्यात आणि उघड्यात काही फरक नव्हता. त्याला वाटलं, झालं. बीट उपटायची वाट न बघता आजच झालं, आणि तेही ह्यांच्या घरात. ओनोरीनच्या दंडावर त्याची बोटं अशी रुतली, की ती कळवळली.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "गार आहे इथे."

तिने त्याला एका वेताच्या खुर्चीत बसवलं. चहूबाजूंना माणसांची कुजबुज होती, बुटांचे आवाज दूर कुठेतरी जाऊन फिरून येत होते. त्या आवाजावरून त्याला जागेचा अंदाज आला. इतकं मोठं छप्पर त्याने आयुष्यात डोक्यावर घेतलं नव्हतं. तो हातातली काठी घट्ट धरून बसून राहिला. आपण आंधळे झालो हे बायकोला कसं सांगावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"लक्ष द्या, लक्ष द्या!" मस्यू प्रेवोतोंचा शाळामास्तरी आवाज आला. "फरशीतल्या ह्या खिळ्यावर नजर ठेवा. आता कुठल्याही क्षणी! मादाम, तुमची पिशवी तेवढी बाजूला घ्या, तिची सावली पडेल."

वीसेक माणसं गप्प झाली. क्षण गेला. मिनिट गेलं. पाच गेली. कुणीतरी खोकलं.

"ढग आला असेल," एक बाई म्हणाली.

"ढग? ह्या वर्षी?" दुसरी हसली.

"कबुतर बसलं असेल भोकावर."

"किंवा काच पुसायला काढली असेल. हल्ली सारखं काहीतरी काढतात आणि लावतात."

"बावीस वर्षं मी हे दाखवतोय," मस्यू प्रेवोतो रडकुंडीला येऊन म्हणाले. "बावीस! एकदासुद्धा असं झालं नाही. एक वाजून गेला!"

आन्सेल्मने खिशातलं घड्याळ काढलं. दिसत नव्हतंच, अंगठ्याने काच उघडून त्याने काटे चाचपले. मग तो खाकरून म्हणाला, "अकरा वाजलेत."

सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या.

"आजोबा," मास्तर समजुतीने म्हणाले, "एक वाजून गेलाय."

"तुमच्या मनगटावर वाजला असेल. सूर्याचे आत्ता कुठे अकरा वाजलेत. त्याला तासभर आहे अजून."

हशा पिकला. "आजोबा खेड्यातून आलेले दिसतात," एक तरुण आवाज म्हणाला.

"हो. जिथून तुमचा पाव येतो, तिथून."

पण शार्त्रमध्ये एक वाजून गेल्यावर चमत्कारासाठीसुद्धा कुणी खोळंबत नाही. जेवण टेबलावर लागलेलं असतं. माणसं दोन-दोन, चार-चार करत उठली. मास्तर शेवटपर्यंत थांबले, भोकाकडे आणि खिळ्याकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि शेवटी त्यांनाही घरची भाजलेली मेंढीची तंगडी आठवली. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, जणू सूर्य त्यांच्याच वर्गातला होता आणि गैरहजर राहिला होता, आणि तेही गेले.

ओनोरीन आन्सेल्मच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "चल, जाऊ या. माझंच चुकलं. तुझी शपथ मोडली आणि मिळालं काय?"

तिच्या आवाजात रडू होतं. आन्सेल्मला ते सहन झालं नाही. "बस गं म्हातारे. येईल तो."

"नक्की?"

"त्याला दुसरीकडे कुठे जायचंय? ह्या लोकांनी मार्चमध्ये घड्याळं पुढे ढकलली, ते सूर्याला कोणी कळवलेलं नाही. गेल्या वर्षी एकला आला होता, म्हणून यंदा दोनला येईल. तासाची तर गोष्ट आहे."

असा तो तास सुरू झाला. सरकारने चोरलेला तास आन्सेल्मला परत मिळाला तो नेमका इथे, ज्या घरात त्याला एक मिनिटही बसायचं नव्हतं तिथे. तो काळोखात बसला होता आणि आपलं घड्याळ खरं ठरणार असूनही त्याला आनंद नव्हता. ऊन येईल. त्याला ते दिसणार नव्हतं.

मग त्या काळोखात एक निळा ठिपका उगवला.

आन्सेल्म हलला नाही. नजर जाताना खोटे रंग दिसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने मान डावीकडे केली, ठिपका गेला. मान परत आणली. ठिपका जागच्या जागी होता. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच. म्हणजे तो डोळ्यातला नव्हता, भिंतीतला होता. डोळे गेले नव्हते. उन्हातून आलेल्या थकल्या डोळ्यांना ह्या अंधाराची सवय व्हायला इतका वेळ लागला होता, बस्स. आन्सेल्मने एवढा मोठा श्वास सोडला, की ओनोरीनने वळून बघितलं.

"ते निळं काय आहे?" त्याने विचारलं.

"कुठलं?"

"समोर. वर. कोपऱ्यापलीकडे."

"ती होय? ती आपली निळ्या वस्त्रातली—"

"नाव नको सांगूस. निळं काय आहे, ते सांग."

"काच आहे, आन्सेल्म."

"काच अशी नसते."

बोसच्या माणसाला निळ्याचं कौतुक सांगू नये. जन्मभर त्याच्या डोक्यावर दुसरं असतं काय? पण हे निळं आन्सेल्मने पाहिलं नव्हतं. लहानपणी आई जवस पेरायची. जूनमधल्या सकाळी एका दिवशी सगळं शेत निळं फुलायचं आणि दुपारपर्यंत मिटायचं, आणि त्या सकाळी माणसं कामावर जाताना बांधावर उगीच थांबायची. त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते एवढंच. पण जवस दुपारी मिटायचं. हे मिटत नव्हतं.

तो उठला. "ने मला तिथे," तो म्हणाला.

ओनोरीनने त्याला खांबांच्या मधून खिडकीखाली नेऊन उभं केलं. तिथे त्याला कळलं, की आपण जे पाहिलं तो नुसता एक चतकोर होता; ही खिडकी घराच्या धाब्याहून उंच होती आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी, आणि तिच्यापुढे तिसरी. हातात एवढीशी काडी, आणि समोर हे एवढं. क्षणभर त्याला हसू आलं. मग त्याने ते केलं, जे मोठ्या शेतासमोर उभं राहिल्यावर तो नेहमी करायचा. डाव्या कोपऱ्यात, तळाशी, नजर टेकवली आणि सरळ उजवीकडे नेली. कडेला पोचल्यावर एक तास वर घेतलं आणि परत डावीकडे आला. घाई नाही, वाकडं नाही, मध्ये पट्टा सोडणं नाही. लाल आलं, पिवळ्या रेघा आल्या, कुणाचा हात आला, पायाची बोटं आली, आणि सगळ्याच्या मधून ते निळं, प्रत्येक फेरीला थोडं वेगळं. मान दुखायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. पुसलं तर तास चुकलं असतं.

"किती जुनी आहे?" त्याने मध्येच विचारलं.

"सातशे वर्षं. जास्तच."

"कोणी केली?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही."

"पाद्र्याने नसणार. पाद्र्यांचे हात मऊ असतात."

शेजारच्या खिडकीत, अर्ध्या उंचीवर, त्याची नजर अडली. "थांब. इथे माणूस आहे एक."

"कोणी संत असेल."

"संताच्या हातात विळा कशाला? गहू कापतोय गं तो!" आवाज इतका चढला, की घुमून परत आला. "बघ, मूठ कशी धरलीय. कमरेतून वाकलाय, गुडघे सैल सोडलेत. असंच वाकायचं असतं, नाहीतर संध्याकाळी उठता येत नाही. ज्याने हा काढला, त्याने कापणी नुसती पाहिलेली नाही, केलेली आहे. तुला कधी दिसला नाही हा?"

"सेहेचाळीस वर्षांत नाही," ओनोरीन खरंच चकित झाली होती.

"तू गुडघ्यांवर बसून खाली बघत असशील."

ओनोरीनने त्याला चिमटा काढला. पण आन्सेल्म पुन्हा त्या माणसाकडे वळला होता. इलेर असाच वाकायचा, गुडघे सैल सोडून. त्याला ह्यांनी दारातून परत पाठवलं होतं. आणि इथे, त्यांच्याच घरात, त्यांच्या डोक्यांच्या वर, एक कापणीवाला सातशे वर्षं घाम गाळत उभा होता. कुठल्याही पाद्र्याला त्याला बाहेर काढता आलं नव्हतं. पंचावन्न वर्षं जो राग त्याने शेतासारखा राखला होता, तो निवला असं म्हणता येणार नाही. पण राग आता त्या एका पाद्र्यावर राहिला. ह्या भिंतींवर राहिला नाही. टोपी आपण हातात कधी घेतली, हे त्याला आठवत नव्हतं.

त्याने घड्याळ काढलं. आता काटे दिसत होते. "बाराला आठ कमी. चल खिळ्यापाशी."

फरशीजवळ कोणी नव्हतं. दोघं शेजारी उभी राहिली. आन्सेल्मने काडी नेमकी खिळ्यावर लावली, आणि काही झालं नाही, आणि मग दगडाच्या कडेवर पांढरा उजेड आला. तळहाताएवढा. इतका स्वच्छ, की आजूबाजूची काळी फरशी नाहीशी झाली आणि तो एकटाच उरला. तो हलत होता. सावली सरकते, हे आन्सेल्म जन्मभर बघत आला होता. पण ऊन स्वतः, चोरपावलांनी, एका बंद घरात शिरून आपली जागा शोधत येताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी ह्याची वाट आधीच हेरून ठेवली होती. काचेत बोटाएवढं भोक, दगडात एक खिळा, आणि मध्ये सगळं आभाळ. उजेड खिळ्यावर चढला आणि खिळा सोन्यासारखा पेटला.

आन्सेल्मने घड्याळ बघितलं. बारा. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

"मार्च!" दारातून कोणीतरी ओरडलं. मस्यू प्रेवोतो धावत येत होते, गळ्याला जेवणाचा रुमाल तसाच अडकवलेला. "मार्चमधला तास! चीज खाता खाता डोक्यात आलं! अरे देवा, आलं ते! आलं!" ते धापा टाकत खुर्चीला धरून उभे राहिले. "आजोबा, आम्ही सगळे गाढव आहोत."

ओनोरीनने श्वास रोखला. तिला वाटलं, आता हा निदान पंधरा मिनिटं बोलेल: जर्मनांवर, पॅरिसवर, तेलावर. मास्तरांनी तर स्वतः होऊन मान पुढे केली होती.

"खिळा बरोबर आहे," आन्सेल्म म्हणाला. एवढंच. चर्चमधली एखादी गोष्ट बरोबर आहे असं त्याच्या तोंडून तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

उजेड खिळ्यावरून उतरला, दगडाच्या दुसऱ्या कडेला गेला, बारीक झाला आणि संपला. मास्तर रुमालाने डोळे पुसत, पुढच्या वर्षी दोनची वेळ छापून लावायची असं पुटपुटत घरी परतले. त्यांची तंगडी गार झाली असणार.

"चल," ओनोरीन म्हणाली. "साडेतीनची बस आहे."

"थांब थोडं."

तो आपणहून, काठी टेकत, त्या खिडक्यांखाली परत गेला. मान वर करून उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले. ओनोरीन मागून आली आणि दोन पावलांवर थबकली. तिच्या कपड्यांची सळसळ थांबली. ती इतकी गप्प झाली, की आन्सेल्मला तिच्या गप्प होण्याचा अर्थ कळला.

"प्रार्थना नाही करत आहे मी," डोळे न उघडता तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"श्वास धरलास तू."

"मग काय करतोयस?"

"पाठ करतोय."

त्याच्या पापण्यांच्या आत निळं होतं. ते राहिलं होतं, हे बघून त्याला धीर आला. त्याने डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिलं तास पुरं आठवलं. दुसरंही. कापणीवाल्यापाशी मात्र अर्ध्यावर काळं लागलं. मागे येऊन पुन्हा निघाला. पुन्हा तिथेच काळं.

"ओनोरीन, कापणीवाल्याच्या उजव्या हाताला काय आहे?"

तिने वर पाहिलं. सेहेचाळीस वर्षं ती ह्या खिडकीखालून ये-जा करत होती, आणि आज पहिल्यांदा नीट बघत होती. "ओंब्या आहेत," ती म्हणाली. "पिवळ्या. भरलेल्या. त्यांच्या मागे निळं, आणि त्याच्या कडेला लाल पट्टी. पट्टीत पांढरे ठिपके आहेत, एक, दोन, तीन…" तिचा आवाज फुटला. "डोळे उघड ना, आन्सेल्म. आहेत अजून. स्वतः बघ."

आन्सेल्मने हात पुढे केला आणि चाचपत तिचा हात शोधला.

"नको," तो म्हणाला. "तू सांग. हळूहळू सांग. आपल्या दोघांनाही सवय करायला हवी."